चौसष्टीचा रुग्ण आणि नवजात बाळाच्या नाळेचं रक्त

हिंदी-मराठी सिनेमांनी आपल्याला रक्ताच्या कर्करोगाचा रुग्ण बहुधा तरुण दाखवला. दवाखान्यातलं चित्र वेगळं असतं. अमेरिकेतल्या नोंदी पाहिल्या तर ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमियाचं निदान होणाऱ्यांतले निम्मे रुग्ण साधारण ६८ वर्षांच्या पुढचे असतात. मायलोडिस्प्लेसिया हा अस्थिमज्जेचा आजारही प्रामुख्याने उतारवयातलाच. केमोथेरपीने यातल्या पुष्कळांचा आजार काही काळ दबतो, म्हणजे रेमिशन मिळतं, पण तो उलटण्याची भीती मोठी असते. तो कायमचा जावा अशी खरी आशा ठेवायची, तर बऱ्याच जणांपुढे एकच वाट उरते: दुसऱ्या माणसाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी शरीरात रुजवणं. आपण बोलीत ज्याला ‘बोन मॅरो ट्रान्सप्लांट’ म्हणतो, ते हेच.

एक रुग्ण डोळ्यांपुढे धरू. वय ६४, वजन ७० किलो, मायलॉइड ल्युकेमिया, केमोनंतर रेमिशनमध्ये. त्याला दाता कोण? सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखीच्या खुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येकी पंचवीस टक्के. समजा बहिणीशी जुळलं, तरी ती ६७ वर्षांची. तिला मधुमेह असेल, हृदयाचा त्रास असेल. शिवाय वयानुसार मज्जेतल्या काही पेशींत जनुकीय बदल साठत जातात आणि अशा पेशी रुग्णाला देणं डॉक्टरांना नकोसं वाटतं. मग शोध सुरू होतो नोंदवहीतल्या अनोळखी दात्याचा. २०१४ मध्ये अमेरिकी नोंदवहीचा हिशेब मांडला गेला तेव्हा युरोपीय वंशाच्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के निघाली, तर आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांसाठी ती वीस टक्क्यांच्याही खाली होती. दाता सापडला तरी त्याला बोलावणं, तपासणं, तारीख ठरवणं यात कित्येक आठवडे जातात. ल्युकेमिया तेवढा थांबेलच असं नाही.

नाळेचं रक्त या कोंडीत उपयोगी पडतं, कारण ते आधीच गोळा केलेलं, तपासलेलं आणि गोठवलेलं असतं.

बाळ जन्मलं, नाळ कापली, की वारेत आणि नाळेत थोडं रक्त उरतं. एरवी ते वारेबरोबर फेकलंच जातं. ते जपायचं असेल तर नाळेच्या शिरेत सुई घालून, रक्त गोठू न देणारं द्रावण असलेल्या पिशवीत ते उतरवून घेतात. मिळतं किती? साधारण ५० ते १५० मिलिलिटर. आता नाळ लगेच न कापता मिनिटभर तरी थांबावं अशी शिफारस आहे, कारण ते रक्त बाळाच्या अंगात गेलेलं बरं. त्यामुळे पिशवीत आणखी कमी येतं. आणि ते योग्यच आहे. बाळाचा हक्क पहिला.

प्रयोगशाळेत या रक्तातला बराचसा द्रव आणि तांबड्या पेशी काढून टाकतात, उरलेलं वीस-पंचवीस मिलिलिटर एका लहान पिशवीत भरतात, त्यात डीएमएसओ नावाचं रसायन घालतात म्हणजे गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडत नाहीत, आणि पिशवी द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवतात. द्रव नायट्रोजनचं तापमान उणे १९६ अंश. तिथे ती वर्षानुवर्षं टिकते. सार्वजनिक पेढ्या आता पुरेशा पेशी नसलेली पिशवी साठवतच नाहीत. गोळा केलेल्यांपैकी बहुतेक बाद होतात.

पहिलं प्रत्यारोपण झालं ऑक्टोबर १९८८ मध्ये, पॅरिसच्या सें-लुई रुग्णालयात. फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक रक्तविकार असलेला पाच वर्षांचा अमेरिकन मुलगा, त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेचं रक्त, अमेरिकेत इंडियानापोलिसला हॅल ब्रॉक्समायर यांनी ते गोठवलेलं आणि पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी ते दिलेलं. मुलगा बरा झाला. मग न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये पाब्लो रुबिनस्टाइन यांनी अनोळखी रुग्णांसाठी पेढी उभी केली आणि १९९३ पासून तिथल्या पिशव्या वापरात येऊ लागल्या. सुरुवातीची सगळी कहाणी मुलांची आहे, आणि त्याचं कारण साध्या गुणाकारात आहे.

नाळेच्या रक्ताचा डोस मोजतात तो रुग्णाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे किती पेशी, असा. किलोमागे निदान अडीच कोटी पेशी हव्यात असा सर्वसाधारण दंडक. वीस किलोच्या मुलाला पन्नास कोटी लागतील. चांगल्या पिशवीत शंभर-दीडशे कोटी असतात, म्हणजे चैनच. आपल्या ७० किलोच्या रुग्णाला मात्र १७५ कोटी हव्यात. एका पिशवीत तेवढ्या क्वचितच भरतात. ताज्या अस्थिमज्जेतून किलोमागे वीस-तीस कोटी पेशी सहज मिळतात हे लक्षात घेतलं, तर नाळेचा डोस त्याच्या एक दशांशच असतो. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण लावावं तसं हे: लागेल, पण वेळ घेईल, आणि हवा थंड असेल तर लागेलच याची खात्री नाही.

मिनेसोटा विद्यापीठातल्या जॉन वॅग्नर, ज्युलिएट बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा असा की एका पिशवीत भागत नसेल तर दोन द्या, दोन वेगवेगळ्या बाळांच्या. त्यांचे पहिले मोठे निष्कर्ष २००५ मध्ये आले आणि प्रौढांसाठी ही वाट खुली झाली. पुढे २०१४ मध्ये मुलांवरच्या चाचणीत दिसलं की एक पिशवी पुरेशी असताना दुसरी देऊन काही जास्तीचं मिळत नाही. वर्षभरानंतर एक पिशवीवाले ७३ टक्के हयात होते आणि दोनवाले ६५ टक्के. तेव्हा दुसरी पिशवी ही गरज म्हणून घ्यायची, हौस म्हणून नाही. जपानमध्ये तर प्रौढांनाही बहुधा एकच पिशवी देतात.

दुसरी अडचण वयाची. प्रत्यारोपणाआधी रुग्णाला जी तयारीची औषधं देतात, ती जुन्या पद्धतीत अतिशय जहाल असत. अख्ख्या शरीराला १२-१३ ग्रे रेडिएशन आणि सोबत भरघोस केमो. कर्करोगासकट सगळी मज्जा जाळून टाकायची, अशी कल्पना. साठीतलं यकृत, फुप्फुस, आतडं हे सहन करत नाही. म्हणून कित्येक वर्षं पंचावन्नच्या पुढच्या रुग्णांना ‘तुमच्यासाठी नाही’ असंच सांगितलं जाई.

नव्वदीच्या दशकाअखेरीस सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात रायनर स्टॉर्ब यांच्या गटाने विचार उलटा केला. नव्या दात्याच्या पांढऱ्या पेशी स्वतःच उरलेल्या कर्करोगपेशींवर हल्ला करतात हे तोवर ठाऊक झालं होतं. मग औषधांनी सगळं जाळण्याची गरज काय? रुग्णाची प्रतिकारशक्ती पाहुण्या पेशींना हाकलून देणार नाही इतपत ती दाबायची आणि कर्करोगाचं उरलेलं काम त्या पेशींवर सोडायचं. रेडिएशन फक्त २ ग्रे. मिनेसोटाच्या गटाने हा सौम्य मार्ग आणि दोन पिशव्या यांची जोड घातली. आपल्या रुग्णाला हीच पद्धत लागू पडते.

पण त्याआधी रुग्णाची पारख. जन्मतारखेपेक्षा शरीर काय म्हणतंय ते पाहतात: हृदय किती पंप करतं, फुप्फुसांची क्षमता, यकृत, मूत्रपिंड, आधीचे आजार. सिॲटलच्या मोहम्मद सोरोर यांनी २००५ मध्ये या सहव्याधींना गुण देण्याची पद्धत बसवली, ती आजही चालते. त्यात आता वृद्धांसाठीच्या साध्या चाचण्यांची भर पडली आहे. चार मीटर चालायला किती वेळ लागतो, स्वतःची औषधं स्वतः घेता येतात का, स्मरण कसं आहे, गेल्या काही महिन्यांत किती वेळा पडलात. सत्तरीचा टणक माणूस यात पास होतो आणि अठ्ठावन्नचा नापास होऊ शकतो. शिवाय घरचं कोणीतरी चोवीस तास सोबत राहणार असेल तरच बहुतेक केंद्रं पुढे जातात. तरुण रुग्णाला आईवडील असतात. इथे सोबतीला असते ती रुग्णाच्याच वयाची पत्नी किंवा पती. माझ्या मते या उपचारातला सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग हाच आहे.

पिशव्या निवडताना एचएलएच्या सहा खुणा पाहतात आणि सहापैकी चार जुळल्या तरी चालवून घेतात. प्रौढ दात्याच्या बाबतीत आठपैकी आठ किंवा दहापैकी दहाचा आग्रह असतो. एवढी सूट नाळेलाच का? कारण तिच्यातल्या टी-पेशी, म्हणजे परकं ओळखून हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, अननुभवी असतात. त्यांनी अजून कुठल्या जंतूशी गाठ घेतलेली नसते, त्यामुळे परक्या शरीरात आल्या तरी त्या तितक्या भडकत नाहीत. हीच गोष्ट पुढे अडचणही होते, ते ओघात येईलच.

आणखी एक तपासणी ज्येष्ठांत विशेष महत्त्वाची. पूर्वी बाळंतपणं झालेल्या स्त्रियांत, किंवा ज्यांना बरंच रक्त आणि प्लेटलेट चढवल्या गेल्या आहेत अशांत, परक्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं तयार असतात. निवडलेल्या पिशवीच्या खुणांवरच ती रोखलेली असली तर पेशी रुजण्याआधीच मारल्या जातात. अशी पिशवी बाजूला ठेवतात.

आता वेळापत्रक. प्रत्यारोपणाचा दिवस शून्य धरतात. मिनेसोटाच्या पद्धतीत उणे सहाव्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइडचा एक डोस. त्याच दिवसापासून पाच दिवस फ्लुडाराबिन. उणे तीनपासून सायक्लोस्पोरिन आणि मायकोफेनोलेट, नव्या पेशींनी रुग्णाच्या अंगावर उठू नये म्हणून. आणि आदल्या दिवशी २ ग्रे रेडिएशन, एकाच बैठकीत. शून्य दिवशी पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात, डीएमएसओ पातळ करतात किंवा धुऊन काढतात, आणि छातीतल्या सेंट्रल लाइनमधून रक्त चढवावं तसं ते चढवतात. पाऊण तासात सगळं आटोपतं. ना ऑपरेशन, ना भूल. खोलीत लसणासारखा वास पसरतो. तो डीएमएसओचा, रुग्णाच्या श्वासातून येणारा. नर्स रक्तदाबावर नजर ठेवून असते, लघवी थोडी लालसर होते. नातेवाइकांना हा दिवस मोठा वाटतो आणि घडलेलं पाहून काहीसं चुकल्यासारखंही होतं. इतकंच?

खरी परीक्षा पुढे. पेशी रुजल्या असं केव्हा म्हणायचं? रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या वर सलग तीन दिवस राहिले की. जहाल तयारीनंतर नाळेच्या पेशींना याला तीन-चार आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस माणूस जंतूंपुढे उघडा असतो. सौम्य तयारीत एक गंमत होते: रुग्णाची स्वतःची मज्जा पूर्ण मेलेली नसते, तीच सुरुवातीला थोड्या पांढऱ्या पेशी पुरवते, आणि त्या आडोशाने नव्या पेशी जम बसवतात. मिनेसोटाच्या ११० रुग्णांच्या २००७ च्या अहवालात ९२ टक्क्यांचे न्यूट्रोफिल परतले आणि त्याला लागलेला मध्यम काळ होता अवघा १२ दिवसांचा. वयस्क माणसासाठी हे एक-दोन आठवडे वाचणं म्हणजे बरंच काही. उलट बाजू अशी की जुनी मज्जा कधी कधी डोकं वर काढून पाहुण्यांना रुजूच देत नाही, विशेषतः आधी फारशी केमो न झालेल्या मायलोडिस्प्लेसियाच्या रुग्णांत. त्यांची तयारी थोडी कडक ठेवावी लागते. प्लेटलेट तर दोन्हीकडे सावकाशच येतात. महिना-दोन महिने त्या बाहेरून चढवाव्या लागतात.

या काळात ताप येतो, अंगावर पुरळ उठतं, पाणी साठून वजन वाढतं. जंतुसंसर्ग असेल किंवा नव्या पेशी जाग्या होतानाची प्रतिक्रिया असेल; पहिल्याला अँटिबायोटिक आणि दुसऱ्याला स्टेरॉइड, म्हणून हे ओळखणं फार महत्त्वाचं. मग विषाणू. अननुभवी टी-पेशींची अडचण ती इथे. सीएमव्हीसारखा विषाणू बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून निपचित असतो. त्याला दाबून ठेवणारी जुनी स्मृती प्रौढ दात्याच्या पेशींबरोबर येते, नाळेच्या पेशींबरोबर येत नाही. एचएचव्ही-६ नावाचा विषाणू नाळेच्या प्रत्यारोपणानंतर कधी कधी मेंदूपर्यंत जातो आणि माणूस गोंधळतो, ताज्या गोष्टी विसरतो. चौसष्टीच्या रुग्णाचं हे लक्षण ‘वय झालं’ म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. सोबत बसणाऱ्या घरच्यांनी असा बदल दिसताच डॉक्टरांना सांगावं.

टी-पेशींचं प्रशिक्षण होतं छातीतल्या थायमस ग्रंथीत. मुलांत ती जोमात असते, साठीत तिची बहुतेक चरबी झालेली असते. म्हणून एकाच प्रकारच्या पिशवीतून मूल वर्षभरात बरंच सावरतं आणि आजोबांची प्रतिकारशक्ती त्यापेक्षा कितीतरी रेंगाळते. बालपणीच्या लशी सगळ्या नव्याने घ्याव्या लागतात. जिवंत विषाणूंच्या लशींना तर निदान दोन वर्षं थांबावं लागतं.

आणि त्या दोन पिशव्यांचं काय होतं? साधारण शंभराव्या दिवसापर्यंत एकच उरते. रक्ताची डीएनए तपासणी करून कोणाच्या पेशी किती टक्के ते मोजतात. सुरुवातीला तिन्हींच्या खुणा दिसतात, रुग्ण आणि दोन बाळं, मग एक बाळ सगळी मज्जा व्यापतं. जिंकणाऱ्या पिशवीतल्या टी-पेशी हरणारीला बाद करतात, हे कळलं आहे. कोणती जिंकेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. जिंकणाऱ्या बाळाचा रक्तगट हाच पुढे रुग्णाचा रक्तगट.

नव्या पेशींनी त्वचा, आतडं, यकृत यांवर हल्ला करणं म्हणजे जीव्हीएचडी. नाळेनंतर तो होतो, पण त्याचा वर्षानुवर्षं रेंगाळणारा प्रकार प्रौढ दात्याच्या रक्तपेशींच्या तुलनेत कमी दिसतो. कोरडे डोळे, कडक झालेली कातडी, गिळताना त्रास, कायमचं स्टेरॉइड हे टळलं तर उरलेलं आयुष्य जगण्यासारखं होतं, म्हणून ज्येष्ठांच्या बाबतीत मला हा मुद्दा जगण्याच्या टक्केवारीइतकाच वजनदार वाटतो.

टक्केवारीही पाहू. मिनेसोटातच पंचावन्न आणि त्यापुढच्या ९० रुग्णांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ४७ जणांना जुळणारं सख्खं भावंड मिळालं होतं, ४३ जणांना नाळेचं रक्त. तीन वर्षांनी आजार न उलटता हयात असलेले अनुक्रमे ३० आणि ३४ टक्के. एकूण हयात ४३ आणि ३४ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतकाच होता. म्हणजे दाता नाही म्हणून दार बंद करायचं कारण नाही, हे सिद्ध झालं. त्याच वेळी हेही दिसतं की तीन वर्षांनी निम्म्याहून अधिक लोक हयात नव्हते. दोन्ही गटांत. सही करण्याआधी रुग्णाला हा आकडा स्पष्ट सांगितला गेला पाहिजे.

त्यानंतर स्पर्धक आला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अर्ध्या जुळणाऱ्या नातेवाइकाकडून पेशी घेऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देण्याची पद्धत रुळली. त्या औषधाने भडकलेल्या टी-पेशी नेमक्या मरतात. मग दोन नाळा की अर्धं जुळणारं नातं, अशी थेट चाचणी अमेरिकेत १८ ते ७० वयाच्या ३६८ रुग्णांवर झाली आणि २०२१ मध्ये निकाल छापून आला. आजाराविना दोन वर्षं काढणारे नाळेचे ३५, नात्याचे ४१ टक्के. हा फरक ठोस नव्हता. पण उपचारानेच दगावलेले नाळेत १८ आणि नात्यात ११ टक्के, आणि एकूण हयात ४६ विरुद्ध ५७. अमेरिकेत नाळेकडे वळणारे त्याआधीपासूनच कमी होत चालले होते. जपानने मात्र ती सोडली नाही. तिथे वर्षाला हजाराहून अधिक नाळ-प्रत्यारोपणं होतात, आणि टोकियोच्या तोरानोमोन रुग्णालयासारख्या ठिकाणी वृद्धांवरचा अनुभव फार मोठा आहे.

पेशी कमी पडतात या मूळ दुखण्यावर एक औषधही आलं आहे. एका पिशवीतल्या मूळ पेशी निकोटिनामाइड घालून प्रयोगशाळेत सुमारे तीन आठवडे वाढवायच्या आणि त्याच पिशवीतल्या टी-पेशींसह द्यायच्या. ओमिडुबिसेल नावाच्या या उपचाराला अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. १२५ रुग्णांच्या चाचणीत न्यूट्रोफिल परतायला साध्या नाळेच्या २२ दिवसांऐवजी १२ दिवस लागले. त्या चाचणीची वयोमर्यादा ६५ होती आणि तयारीची औषधं जहाल होती. आपला रुग्ण तिच्या काठावर बसतो.

आपल्याकडे हा विषय पोचतो तो प्रसूतिगृहातल्या रंगीत पत्रकातून: बाळाची नाळ पैसे भरून जपून ठेवा, घरच्या सगळ्यांना कामी येईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने स्वतःपुरत्या अशा खासगी साठवणीला वैद्यकीय आधार नसल्याचं सांगितलं आहे. तरी घरोघरी विचारला जाणारा प्रश्न उरतोच: नातवाची नाळ आजोबांना चालेल का? हिशेब करून पाहा. नातवाला एचएलएचा अर्धा संच आजोबांच्या मुलाकडून मिळतो, आणि तो संच आजोबांचाच असेल की आजीचा, याची शक्यता निम्मी-निम्मी. म्हणजे उत्तम नशीब असलं तरी जुळणी अर्धीच, वर पेशी एका पिशवीपुरत्या, आणि समोर ७० किलोचा माणूस. उलट आजोबांचा मुलगा किंवा मुलगी त्यांच्याशी अर्धी जुळते ती हमखास, आणि पस्तिशीचा धट्टाकट्टा दाता लागतील तेवढ्या पेशी देऊ शकतो, गरज पडली तर पुन्हाही. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालं, ते भावाकडून बहिणीला. आजही आपल्याकडची बहुतेक प्रत्यारोपणं घरातल्याच माणसाच्या पेशींवर होतात. तेव्हा डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय काढला, की पहिल्या भेटीतच रुग्णाच्या भावंडांबरोबर मुलामुलींचीही एचएलए तपासणी करायला सांगावी.